शोधणाऱ्यासाठी लिहिलेली नोंद

डिजिटल नोंदींची स्वतःची व्यवस्था उभारायची असे मनात आले की पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते ॲप घ्यावे’ हाच विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा, कारण आजच्या बहुतेक साधनांमध्ये नोंद लिहिणे सारखेच सोपे आहे आणि साठवायला जागाही भरपूर आहे. अडचण येते ती वर्षभराने. आपण काहीतरी वाचले होते, त्यावर विचार करून चार ओळी लिहिल्याही होत्या, एवढे आठवते. त्या ओळी कुठे आहेत आणि कोणत्या शब्दांत आहेत, ते मात्र आठवत नाही. व्यवस्था चांगली की वाईट, हे त्या वेळी ठरते. म्हणून मी माझी सगळी रचना एकाच वाचकाला समोर ठेवून केली आहे, आणि तो वाचक म्हणजे काही महिन्यांनंतरचा, संदर्भ विसरलेला, घाईत असलेला आणि शोधाच्या चौकटीत जेमतेम दोन शब्द टाइप करणारा मी.

या विषयावर बोलताना जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांचे नाव हटकून निघते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढे अनेक दशके त्यांनी कागदी चिठ्ठ्यांवर नोंदी ठेवल्या. सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा हा संग्रह आता बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहे. ही संख्या सगळेच सांगतात, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यातली क्रमांकपद्धती. लूमान यांनी चिठ्ठ्या विषयवार कप्प्यांत काटेकोर बसवण्याऐवजी प्रत्येकीला एक कायमचा क्रमांक दिला. समजा, ५७/१२ या चिठ्ठीतल्या एखाद्या मुद्द्याला फाटा फुटला, तर त्या फाट्याची चिठ्ठी ५७/१२अ या क्रमांकाने तिच्या लगेच मागे बसे आणि आधीची ५७/१३ जागची हलत नसे. त्यामुळे संग्रह कुठेही, कितीही वाढू शकत होता आणि एकदा दिलेला संदर्भ कधी निकामी होत नव्हता. दुसरी गोष्ट त्यांच्या शब्दसूचीची. त्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन संग्रह होते; त्यांतल्या सुमारे ६७,००० चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या संग्रहासाठी त्यांनी केलेली सूची सुमारे ३,२०० शब्दांचीच होती आणि एका शब्दापुढे सहसा मोजकेच क्रमांक असत. त्या विषयावरची प्रत्येक चिठ्ठी सूचीत नोंदवण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. सूची फक्त आत शिरायची दारे दाखवी आणि पुढची वाट चिठ्ठ्यांवर लिहिलेले एकमेकींचे क्रमांक दाखवत. संगणकावर ‘सगळे सगळ्यांना जोडून ठेवावे’ असा मोह होतो, तेव्हा हा संयम आठवण्याजोगा आहे.

माझ्या व्यवस्थेत अशा दारांचे काम नोंदींची शीर्षके करतात, आणि मी सर्वांत जास्त वेळ शीर्षकावरच घालवतो. ‘बॅकअप’ हे शीर्षक निरुपयोगी आहे. ते विषय सांगते, पण नोंदीत काय म्हटले आहे ते सांगत नाही, आणि त्याच शीर्षकाची दुसरी नोंद पुढच्याच महिन्यात तयार होते. त्याऐवजी ‘सिंक (सगळ्या उपकरणांवर फाइली एकसारख्या ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे’ असे पूर्ण विधान शीर्षकात लिहिले की नोंद न उघडताही निम्मे काम होते. शीर्षक विधानाच्या रूपात लिहायला घेतले की आपल्याकडे विधान आहे की नाही, हेही लगेच कळते. जिथे ते सुचत नाही, तिथे बहुतेक वेळा मी वाचलेले मला पुरते समजलेले नसते. अशी नोंद मी ‘कच्चे’ नावाच्या फोल्डरमध्ये राहू देतो, आणि तिथल्या बऱ्याच नोंदी तिथेच संपतात. त्याबद्दल मला खंत वाटत नाही. सगळ्याच माहितीचे ज्ञान व्हायला हवे, असा नियम कोणी केलेला नाही.

नोंदीच्या आत काय असावे, याबाबत माझा आग्रह थोडका आहे. मूळ मजकुरात काय म्हटले आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. शब्दशः उतारा घ्यावाच लागला तर तो वेगळा दिसेल असा ठेवावा आणि त्याखाली तो कुठून घेतला ते लिहावे. आणि हे आपण का टिपून ठेवत आहोत, याची एक ओळ असावी. ही तिसरी ओळ बहुतेक जण वगळतात, कारण लिहिण्याच्या क्षणी कारण इतके उघड असते की ते लिहिणे हास्यास्पद वाटते. काही महिन्यांनी मात्र उतारा समजतो, पण त्यात आपल्याला काय दिसले होते ते समजत नाही. मूळ लेख इंटरनेटवर पुन्हा मिळू शकेल. ते कारण कुठेही मिळणार नाही. याच कारणाने एका क्लिकवर अख्खे वेबपान साठवणाऱ्या सोयींबद्दल मला फारशी आपुलकी नाही. त्या उत्तम चालतात, आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे: वाचण्याआधीच वाचल्याचे समाधान त्या देतात.

दुव्यांचेही तसेच आहे. जुलै १९४५मध्ये ‘द अटलांटिक मंथली’ या मासिकात अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. मेजाएवढ्या या यंत्रात मायक्रोफिल्मवर ग्रंथसंग्रह साठवलेला असेल आणि वाचक एका मजकुराला दुसरा जोडत स्वतःची पायवाट तयार करील, अशी ती कल्पना होती. त्यांच्या उदाहरणातला वाचक क्रूसेडच्या युद्धांतले आखूड तुर्की धनुष्य लांब इंग्लिश धनुष्याहून सरस का ठरले, याचा शोध घेत जातो आणि वाटेत स्वतःचा शेरा लिहिलेले पानही जोडतो. या वर्णनातले दोन तपशील आजच्या साधनांमध्ये हरवलेले दिसतात. बुश यांच्या पायवाटेला क्रम आहे आणि तिच्यावर चालणाऱ्याचे भाष्य आहे. आपण मात्र वाक्यातला एखादा शब्द चौकटी कंसांत टाकतो आणि दुवा झाला म्हणतो. ही नोंद त्या नोंदीला का जोडली, याचे अर्धे वाक्य दुव्याच्या शेजारी नसेल तर तो दुवा मी देत नाही. ‘याच्या विरोधात’, ‘याचेच जुने रूप’, ‘हे खरे असेल तर ते टिकत नाही’, एवढे लिहिले तरी पुरते. नोंदींचे ठिपके आणि त्यांच्यामधल्या रेषा दाखवणारा आलेख अनेक ॲपमध्ये असतो; तो देखणा असतो, पाहुण्यांना दाखवायला छान, पण त्यात मला एखादी नोंद सापडल्याचे आठवत नाही.

फोल्डर की टॅग (नोंदीला लावायची छोटी खूण), या वादात मी फार पडत नाही. माझ्याकडे चार-पाच फोल्डर आहेत आणि टॅग त्याहून थोडे जास्त. टॅग मी विषयासाठी न वापरता नोंदीच्या अवस्थेसाठी वापरतो, म्हणजे तपासायचे आहे, वापरले आहे, शंका आहे, अशा प्रकारे.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला आणखी एक अडचण भेडसावते. इंग्रजी लेखांमध्ये तिचा उल्लेख नसतो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. बहुतेक साध्या साधनांमधला शोध हा अक्षरांच्या साखळीचा शोध असतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, आणि तिथे ही साखळी तुटते. ‘पुस्तक’ शोधले तर ‘पुस्तकाचे’ सापडते, पण ‘पाणी’ शोधून ‘पाण्याचे’ सापडत नाही आणि ‘विद्यार्थी’ शोधून ‘विद्यार्थ्यांना’ सापडत नाही. शेवटची मात्रा गाळून ‘विद्यार्थ’ एवढेच शोधले, तर दोन्ही रूपे हाती लागतात. ही युक्ती अनेक शब्दांना चालते. पण ‘जमीन’ आणि ‘जमिनीचा’, ‘दूध’ आणि ‘दुधाचा’ यांत आतला दीर्घ स्वरच ऱ्हस्व होतो, आणि तिथे शेपूट कापून उपयोग नसतो. म्हणून नोंदीतला मुख्य शब्द मी शीर्षकात किंवा खालच्या एका ओळीत मूळ, प्रत्यय न लागलेल्या रूपात एकदा तरी लिहितो. त्याच ओळीत त्या संकल्पनेचा रुळलेला इंग्रजी प्रतिशब्दही देवनागरीत येतो, कारण घाईत आपल्याला नेमका कोणता शब्द सुचेल, याचा भरवसा नसतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दिसायला सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरे. ‘ॲप’ मधला पहिला स्वर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत, एकाच स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘अ’वर अर्धचंद्राची मात्रा देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने शोधले तर ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. फोनचा कीबोर्ड एक प्रकार वापरतो, संगणकाचा कदाचित दुसरा, आणि लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. यावर उपाय म्हणजे दोन्हीकडे शक्यतो एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवणे आणि अधूनमधून सगळ्या फाइलींमध्ये शोधा-आणि-बदला चालवून एकच रूप कायम करणे. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय व्यवस्थेत आणूच नये; तो फॉन्ट हटला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरे. फाइलींच्या नावातली तारीखही मी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि आंतरराष्ट्रीय अंकांत लिहितो. वाचताना देवनागरी अंक मला अधिक आवडतात, पण एकाच फोल्डरमध्ये दोन प्रकारचे अंक मिसळले की नावांचा क्रम कालानुक्रमाशी जुळत नाही.

आता ॲपकडे वळतो. माझ्या सगळ्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये आहेत आणि त्यांना किरकोळ मांडणी मार्कडाउनची आहे, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षरे वगैरे साध्या चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीची. जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीचा मोठा गुण असा की कोणतेही खास सॉफ्टवेअर नसले तरी मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. ऑब्सिडियनसारखे नोंदींचे ॲप अशाच फाइली आपल्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे उद्या ते बंद पडले तरी फाइली जागेवर राहतात. इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांची ऑर्ग-मोड ही व्यवस्था २००३पासून अशाच साध्या फाइलींवर उभी आहे. कंपनीच्या सर्व्हरवर, कंपनीच्या स्वरूपात ठेवलेल्या नोंदींचे तसे नसते. डिसेंबर २०२३मध्ये एव्हरनोट या नोंदींच्या ॲपने मोफत खात्यांवर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. कंपनीला तो अधिकार होता, आणि फुकटची सेवा कायम फुकट राहावी ही अपेक्षाही रास्त नव्हे. पण आपल्या विचारांचा साठा दुसऱ्याच्या दरपत्रकावर किती अवलंबून ठेवायचा, हे ज्याने त्याने आधीच ठरवलेले बरे. ॲप निवडताना मी एकच चाचणी घेतो: दहा नोंदी लिहाव्यात, त्यांत दोन दुवे आणि एक चित्र घालावे, सगळे बाहेर काढावे आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावे. दुवे आणि चित्र शाबूत असतील तर पुढे बोलता येते.

सिंक आणि बॅकअप यांची गल्लत फार सर्रास होते. सिंकचे काम सगळ्या उपकरणांवर एकच स्थिती ठेवणे. त्यामुळे एका ठिकाणी चुकून पुसलेली नोंद ते सगळीकडून तितक्याच तत्परतेने पुसते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी, हा जुना नियम नोंदींसाठी सहज पाळता येतो, कारण हजारो टेक्स्ट फाइलीसुद्धा काही छायाचित्रांपेक्षा कमी जागा घेतात. ज्यांना जमेल त्यांनी गिट हे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधनही वापरावे. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि जुने वाक्य परत आणता येते. पासवर्ड मात्र या फाइलींमध्ये कधीही नसावेत. त्यांच्यासाठी वेगळी, कूटबद्ध साधने आहेत.

अलीकडे आपल्या नोंदींवर भाषिक प्रारूपाला, म्हणजे मजकुरावरून उत्तरे देणाऱ्या एआयला, प्रश्न विचारता येतात, आणि अर्थावर चालणारा शोध ‘पाणी’ आणि ‘पाण्याचे’ यांची ताटातूट बरीच कमी करतो. त्याचा मी आनंदाने उपयोग करतो, पण दोन अटींवर. उत्तराबरोबर ते कोणत्या नोंदीवरून आले हे दिसले पाहिजे, म्हणजे मूळ मजकूर उघडून पडताळता येईल. आणि यंत्राने लिहिलेला सारांश माझ्या नोंदींत मिसळता कामा नये. तो वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. हे वेगळेपण पाळले नाही, तर काही काळाने एखादे मत आपण विचारान्ती बनवले होते की ते नुसते गुळगुळीत वाक्य म्हणून आत आले, हे सांगता येणार नाही.

दर आठवड्याला सगळ्या नोंदींची उजळणी करावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. मी ती करत नाही. संग्रह मोठा झाला की ती उजळणी हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. त्याऐवजी शोध फसला की मी थांबतो. एखादी नोंद अखेर भलत्याच शब्दाने हाती लागली, तर आधी ज्या शब्दांनी ती सापडली नव्हती, ते शब्द मी तिच्या खालच्या ओळीत लिहून ठेवतो आणि शीर्षक पुरेसे बोलके नसेल तर तिथल्या तिथे बदलतो. नोंद सापडलीच नाही, तर शोधलेले शब्द ‘न सापडलेले’ नावाच्या एका फाइलमध्ये जातात. नवे काही लिहायला बसण्यापूर्वी मी आधी ती फाइल उघडतो, कारण पुढच्या नोंदींचे विषय मला बहुतेक तिथेच मिळतात.