माझी, आबांची, काकांची

चवथीला बारा दिवस होते. दुपारी वीज गेलेली, कौलांवर पाऊस धो धो, लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर. अशा वेळी शहाण्या माणसाने झोपावं. मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-रानफळांच्या चौकटीच्या, तीन याद्या उघडून बसलो.

गेल्या वर्षी माटोळीला कवंडळं, ती रानवेलीची फळं, राहिली. आणायची मी होती. माझ्या यादीत ती नव्हतीच, असं मी म्हणालो आणि काका म्हणाले, आबांच्या वहीत आहेत. वर्षभर हे पुरलं. आज सकाळी काकांनी फोनवर टाइप केलेली आपली यादी पाठवली, खाली एवढंच: "यंदा तरी बघ." माझी यादी होती, काकांची आली, आणि आबांची वही मी कधीकाळी तशीच्या तशी टाइप करून ठेवली होती. तिन्ही साध्या मजकुराच्या फायली.

दोन फायली रंगीबेरंगी खिडक्यांत शेजारी-शेजारी लावून बघणारे लोक मला आवडत नाहीत. का, ते विचारू नका. काळ्या पडद्यावर डिफ लिहावं (दोन फायलींतला फरक ओळीओळीने सांगणारी आज्ञा), दोन नावं द्यावीत, एंटर मारावा. फायली सारख्या असतील तर डिफ चकार शब्द काढत नाही. आमच्या घरात सगळं ठीक असलं तर त्यावरही तासभर बोलणं होतं.

डिफ तसा जुना गडी. १९७४ साली युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बेल लॅबमधून बाहेर पडला. डग्लस मॅकिलरॉय यांचं काम. दोन्हीकडे त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी तो आधी जुळवून घेतो, आणि ज्या उरतात त्यांनाच फरक म्हणतो. तीन फायली असल्या की त्याचा धाकटा भाऊ, डिफथ्री. त्याला नावं द्यायचा क्रम ठरलेला आहे: माझी, जुनी, तुझी. म्हणजे भांडणारे दोन बाजूंना आणि मधे आबा. आमच्या सोप्यावरही असंच बसायचे.

पहिलाच खटका घागऱ्यांवर. चार बरोबरची चिन्हं आणि पुढे ३. म्हणजे दोघं एकमतात, तिसरी फाइल तेवढी वेगळी. पण ओळ तिन्हीकडे तीच, घागऱ्या! चष्मा पुसला. तरी तीच. शेवटी संगणक प्रत्येक अक्षरासाठी जो आकडा साठवतो तो काढून बघितला, तेव्हा कळलं. मी टिंबवाला ऱ वापरलेला, काकांच्या फोनने साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक घातलेला. दिसायला दोन्ही घागऱ्या सारख्याच, खुळखुळतीलही सारख्याच. डिफला दिसण्याशी देणंघेणं नाही. हे काकांना फोन करून सांगण्याचा मोह मी आवरला.

कांगणीपाशी तर चिन्हांपुढे आकडाच नव्हता. तिघांची तोंडं तीन दिशांना. मी 'कांगणी', काका 'कांगलां', आबांनी दोन्ही लिहून मधे प्रश्नचिन्ह ठेवलेलं. तो वाद मी सोडून दिला.

खरी पंचाईत क्रमाची. काकांचा जन्म कचेरीत फायली लावण्यात गेला. त्यांची यादी अकारविल्हे. एखादी ओळ नुसती जागा बदलून बसली तरी डिफ इथे 'गेली' म्हणतो आणि तिथे 'आली' म्हणतो. म्हणून मी उरलेल्या दोन फायलींवरून सॉर्ट, ओळी वर्णक्रमाने लावणारी आज्ञा, फिरवला आणि मग काय ते पाहिलं. कवंडळं आबांकडे होती, काकांकडे होती. माझ्याकडे नव्हती. बरं.

पण सॉर्ट केलेली आबांची यादी वाचवेना. आंबाडे, कवंडळं, कांगणी, केळी, घागऱ्या, तोरंजन, नारळ, माट्टी, सुपारी. काहीतरी चुकलं होतं. मूळ फाइल उघडली: नारळ, केळी, आंबाडे, सुपारी, तोरंजन, घागऱ्या, कवंडळं, कांगणी, माट्टी. आणि पाय ओले झाले.

आबा पुढे, हातात कोयती, डोक्यावर कांबळ्याची खोळ. मी मागे. आधी परसातला नारळ आणि केळी, कुंपणापाशी आंबाडे. मग व्हाळ ओलांडून कुळागरात, सुपारीचं शिपटं, तोरंजन. मग डोंगराची पायवाट, जळवा, उघड्यावर घागऱ्या. झुडपावर चढलेली वेल आणि तिला लाल-केशरी कवंडळं, इतकी देखणी, की मी एकदा चावा घेतला. तो कडूपणा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. आबा हसत हसत दगडावर बसले होते. सगळ्यात वर माट्टी, पाच पंखांच्या फळांची. तिथे मी घोसाला हात घातला की ठरलेलं वाक्य: "अर्दें झाडार दवर." अर्धं झाडावर ठेव.

वहीत वाट लिहिलेली होती. वर्णमालेने तिचं काय केलं बघा: आंबाडे काढून म्हातारा थेट डोंगरावर, कांगणी घेऊन केळीसाठी परत घरी, घागऱ्यांसाठी पुन्हा वर, तोरंजनासाठी खाली कुळागरात.

आता आम्ही सगळं फोंड्याच्या माटोळीच्या बाजारातून आणतो. तिथे कुठल्याही क्रमाने मिळतं.

बॅटरी संपायच्या आत मी माझी फाइल उडवली आणि आबांची, मूळ क्रमातली, काकांना पाठवून दिली. खाली लिहिलं, कवंडळांचं तुमचं बरोबर होतं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "ही अकारविल्हे नाही."