रिकामा डबा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. नाईट उतरून.

वॉर्डात माझ्याशी जे चाललंय ते युनियनच्या बाईंनी रोज लिहायला सांगितलंय. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. मनाला काय वाटलं ते नको म्हणाल्या. ती वही निळी. ही ती नव्हे.

आज सकाळी माझ्या लॉकरवर स्टीलचा डबा होता. लखलखीत घासलेला, रिकामा.

गणपतीत चेचीला, वॉर्डातल्या माझ्या केरळच्या ताईला, त्यात मोदक दिले होते, अकरा. दरवर्षी डबा परत येतो तो ओणमच्या गूळ लावलेल्या केळ्याच्या कापांनी भरलेला, झाकणाला रबरबँड. रिकामा डबा परत देत नाहीत आमच्यात, असं पहिल्या वर्षी मी ऐटीत सांगितलं, तर म्हणाली, मग आमच्यात कुठे देतात? यंदा ओणम ५ तारखेला झाला. डबा मी दोनदा उघडून पाहिला. एखादी चिठ्ठी तरी असेल म्हणून. वेडीच.

निळ्या वहीत हे कसं लिहायचं? सकाळी ७.५०, चेंजिंग रूम, डबा रिकामा, साक्षीदार कुणी नाही.

बाकी त्या वहीत पुष्कळ आहे. बँड सिक्सच्या, म्हणजे बढतीच्या, तीन मुलाखती. जिला मी कॅन्युला लावायला शिकवलं ती आता माझी सिस्टर. हँडओव्हरला माझ्या बोलण्याची नक्कल, आणि सगळ्यांचं हसणं. मार्चमध्ये ग्रिव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार दिली, एप्रिलपासून ड्यूटीच्या रोटात रात्रीच रात्री, आणि २० जूनला पत्र, की माझ्या कॅपॅबिलिटीची तपासणी होणार. कारण काय, तर माझा टोन. सात वर्षं हाच टोन चालला होता. इथल्या, ब्रिटनच्या, २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये यासाठी वेगळं कलम आहे, सत्ताविसावं. तक्रार केली म्हणून त्रास दिला तर तो वेगळा धरतात, मूळ तक्रार टिकली नाही तरी. व्हिक्टिमायझेशन म्हणतात. आई फोनवर सगळं ऐकून एवढंच म्हणाली, मेट्रनबाईनं डूख धरलाय. कायद्याला पानभर लागलं ते.

पण मला मेट्रनचा एवढा राग येतच नाही. तिच्याकडून कधी काही हवंच नव्हतं. राग येतो तो डब्याचा.

नक्कल झाली तेव्हा चेची शेजारी होती. टेबलाखाली माझा हात दाबला तिनं. घट्ट. नंतर विचारलं, साक्षीदार म्हणून तुझं नाव देऊ का? तर म्हणाली, इथे कायम राहायच्या परवान्यासाठी माझी पाच वर्षं नोव्हेंबरमध्ये भरतात. बस, एवढंच. नोकरी गेली तर व्हिसाचे साठ दिवस उरतात, हे आम्ही एकमेकींना सांगत नाही, पाठच आहे. मला कळलं होतं. खरंच कळलं होतं. मग लिफ्टमध्ये ती बुटांकडे बघायला लागली, मी असले की कॅन्टीनला जाईना, आणि आता हा डबा. नाव नको देऊस, पण चार काप? चार कापांनी कुणाचा व्हिसा जातो?

शिफ्टभर एकही माणूस माझ्याशी कामाशिवाय बोलत नाही. बे फोरमधल्या आजोबांनी विचारलं, यू ऑल राइट, लव्ह? आणि मी स्लूसमध्ये जाऊन रडले. बेडपॅनच्या मशीनचा आवाज बरा पडतो.

आता जे लिहिणार ते निळ्या वहीत कधीच जाणार नाही. २०२१, कुयाची, आमच्या फिलिपिनो दादाची, चौकशी. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी ब्रेकवर होते. ब्रेकवर नव्हते. सिंकपाशी हात धूत होते, शब्दन् शब्द ऐकला होता. माझा आयएलआर, तोच कायमचा परवाना, २०२३ चा. कुया आता कॅनडात असतो, फेसबुकवर बर्फाचे फोटो टाकतो. मी प्रत्येकाला लाइक करते.

म्हणजे मी तर डबासुद्धा परत केला नव्हता.

शुक्रवारी, १९ तारखेला दाव्याची मुदत संपते. त्या २० जूनच्या पत्रापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी. नोकरीच्या ट्रायब्यूनलच्या आधी ॲकासला, म्हणजे तडजोड करून बघणाऱ्या संस्थेला, कळवावं लागतं. आईला सांगितलं तर म्हणे, पितृपक्ष चाललाय, नवं काही सुरू करू नकोस. आई, मुदतच पितृपक्षात संपतेय! मग म्हणाली, बरं, निदान राहुकाळ तरी बघ. इथला का तिथला, ते विचारायचं राहिलं.

फॉर्म आत्ताच भरला. माझं नाव-पत्ता, ट्रस्टचं, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्यांचं, नाव-पत्ता. साक्षीदारांचा रकाना शोधत वरखाली करत होते. नाहीच तो त्यात. इतकं हायसं वाटलं की युनियनच्या बाईंना सांगायची सोय नाही.

डबा ओट्यावरच आहे. फ्रिजमध्ये चण्याची उसळ उरलीय, चेचीसाठी करते तशी, तिखट बेताचं. मंगळवारी तिचीही नाईट आहे. पण दिली, तर तिला पुन्हा डबा घासून, कुणी बघत नाही असं पाहून, आणून ठेवावा लागेल.