पहिली गाडी, शेवटची गाडी

रविवार, १९ जानेवारी २०२५
रात्रीचे साडेअकरा

पहाटे पावणेसहाची ड्युटी आहे, चारला उठायचंय, तरी डोळा लागत नाही. दिल्लीत आपल्या पोरींनी खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. नेपाळवर ७८–४०. आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर मैदानावर सरावाला येणाऱ्या अकरा पोरी, त्यातल्या दोघींच्या आया, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, माझी दोन्ही लेकरं. हे दारातच उभे होते, आत पाय ठेवायला जागा नव्हती.

कर्णधार प्रियांका इंगळे चषक घ्यायला पुढं आली तेव्हा पोरी ओरडत होत्या आणि आत्याबाई मला विचारत होत्या, "आपली कोणती गं ह्यातली?" मी अश्विनी शिंदे दाखवली. धाराशिवची. त्यांनी पदरानं डोळे पुसले. ज्या बाईनं कधी मैदानाची पायरी चढली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला बोलता येईना.

पोरी गेल्या, भांडी झाली, तेव्हापासून इथं बसलेय.

सात-सात मिनिटांचे चार डाव, मॅट, दिवे, हजारो माणसं. आमच्या वेळी नऊ मिनिटांचा डाव आणि पायाखाली माती. पण खेळ तोच. मधल्या पाटीवर एकीआड एक तोंड फिरवून बसायचं, मान वळवायची नाही म्हटलं तरी वळायची, आणि पाठीवर थाप पडली की उठायचं. टीव्हीवर एकीनं खांबाजवळ सूर मारून गडी टिपला आणि माझा उजवा गुडघा इथं बसल्या जागी दुखला.

मी लोहाऱ्याकडची. १९९३ साली चौथीत होते. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते, आणि ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत सगळं संपलं. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आत झोपलेली माझी चुलती गेली. भूकंपापेक्षा माळवदांनी माणसं जास्त मारली, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हात-हात मातीचं ओझं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, कधी आलंही नाही.

पण एक लिहून ठेवते. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागली. लेकरं बोलत नव्हती, नुसती बसून असायची. आमच्या गुरुजींनी पडलेल्या माळवदाच्या दोन तुळया ओढून आणल्या, करवतीनं कापल्या आणि शेडमागं मोकळ्या जागेत रोवल्या. राखेनं रेषा आखल्या. "बसा आठ जण," म्हणाले. त्या खांबांना खिळ्यांची भोकं होती. हात लावून वळताना बोटांना लागायची. ते कुणाच्या घराचं लाकूड, ते आम्ही कधी विचारलं नाही. तिथं आम्ही पुन्हा मोठ्यानं ओरडायला शिकलो. "खो!" हा भूकंपानंतर माझ्या तोंडून मोठ्यानं निघालेला पहिला शब्द, असं आई सांगायची.

आठवीला मोठ्या शाळेत गेले, गाडीनं जाऊन-येऊन. शाळा पाचला सुटायची, सराव साडेपाचला आणि आमच्या गावची शेवटची गाडी सहाला. अर्ध्या तासात काय होणार? पण त्या गाडीवर एक कंडक्टरकाका होते. आम्ही सात जणी धुळीनं भरलेल्या पळत येताना दिसलो की ते ड्रायव्हरला म्हणायचे, "पाणी पिऊन घ्या जरा." पाच मिनिटं, कधी दहा. त्या पाच-दहा मिनिटांवर आमची दोन वर्षं गेली. त्यांचं नाव मला माहीत नाही. मग त्यांची बदली झाली. नवे आले ते वेळेवर गाडी काढायचे, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, आता मी त्याच कामावर आहे म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. पण महिन्याभरात सातातल्या तिघींचा खेळ बंद झाला. मला मामाच्या घरी ठेवलं म्हणून मी टिकले. त्या तिघींमध्ये एक होती, तिच्यासारखी हूल द्यायला मला आजवर जमलेली नाही. दोघी मागं लागल्या तरी मधूनच अशी वळायची की मागची भुईवर. लोक म्हणतात तिचं लग्न झालं म्हणून खेळ सुटला. लग्न चार वर्षांनी झालं. खेळ गाडीनं सुटला.

मी राज्य स्पर्धेपर्यंत गेले. तिथंच खांबाजवळ सूर मारताना गुडघा गेला. हळद लावली, तेल लावलं, पट्टी बांधून अजून दोन वर्षं खेळले. राष्ट्रीय संघात कधी नव्हते.

आता पंधरा वर्षं एसटीत वाहक आहे. सकाळी आगारात मशीन आणि ट्रे ताब्यात घ्यायचा, गाडी लागली की दारात उभं राहायचं. खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटं काढत पुढून मागं जाताना माझे पाय आपोआप एकेरी साखळीत पडतात, बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळायचं तसे. एकीला डावीकडून, दुसरीला उजवीकडून, कुणाला धक्का न लावता. वळणावर गाडी कलली तरी मी दांडी धरत नाही. गुडघा मात्र संध्याकाळी हिशेब मागतो. नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरच्या जादा गाड्या असतात तेव्हा घरी आले की जिना चढताना एक-एक पायरी मोजते.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. गर्दी वाढली, सुट्ट्या पैशांवरून वाद वाढले, हे खरं. पण मी गाडीत उभी राहून जे पाहिलंय ते सांगते. त्याआधी पोरींचे सामने बघायला बाप यायचे, भाऊ यायचे, आया क्वचित. जायला पैसे, यायला पैसे आणि दिवसाचा रोजगार बुडणार, एवढं करून आई कशाला येईल? आता येतात. मैदानाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसतात, नियम कळत नाहीत, तरी आपली पोर बाद झाली की "गं बाई" म्हणतात. मागच्या दिवाळीनंतरच्या सामन्यांत मी मोजल्या, नऊ आया होत्या. माझी आई माझा एकही सामना न बघता गेली.

दुपारी दोन-अडीचला ड्युटी सुटते. संध्याकाळी पाच ते सात मी मैदानावर. सर मुख्य सराव घेतात, मी छोट्या पोरी बघते. बसायचं कसं, टाचा कुठं, खो मागूनच द्यायचा, आणि हाताआधी आवाज निघाला की फाऊल. लोक विचारतात, तुम्हाला हे सगळं जमतं कसं? मला जमत नाही. संध्याकाळी घरात बारा-चौदा भाकरी लागतात आणि त्या मी करत नाही. आत्याबाई करतात. सत्तरी पार केलेल्या बाई चुलीपुढं बसून जोंधळ्याच्या भाकरी थापतात आणि तेव्हा मी शिट्टी वाजवत असते. लग्न झालं तेव्हा ह्याच आत्याबाईंनी माझे बूट माळ्यावर टाकले होते. चौदा वर्षांनी, आमची लेक पहिल्यांदा मैदानावर गेली त्या आठवड्यात, त्यांनीच ते खाली काढून दिले. तळवा निघाला होता. "तू जा पोरीसंगं. भाकरी मी टाकते," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यात तेव्हा काय बदललं, मला माहीत नाही. विचारायला जीव होत नाही.

आणि एक गोष्ट अजून गळ्याशी अडकलेली आहे. मागच्या वर्षी मी पोरींना घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेले होते. घरी धाकट्याला १०३ ताप. ह्यांनी फोन केला तो दुसऱ्या दिवशी, सामना झाल्यावर. मी भांडले. हे म्हणाले, "तू येऊन काय ताप उतरणार होता? तुझ्या हाताखाली बारा पोरी होत्या." त्यांनी रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. मला राग कशाचा आला होता? न सांगितल्याचा, की सांगितलं असतं तर मी परत निघाले असते की नसते हे मलाच ठाऊक नव्हतं, त्याचा? ह्याचं उत्तर मी अजून लिहू शकत नाही.

आज हे सगळं वर आलं ते त्या आठवीतल्या पोरीमुळं. अकरा पोरींत ती नव्हती. रविवारी सायंकाळी तिच्या वस्तीवरून यायला गाडी आहे, परत जायला नाही.

तिला मी गाडीतच हेरलं. फाट्यावर गाडी थांबायच्या आत ती बांधावरून अशी पळत आली की मी ड्रायव्हरला डबल बेल द्यायची विसरले. पाचवी ते बारावीच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, तोच तिच्या हातात. शाळा पाचला सुटते, साडेपाचची गाडी. माझ्या आठवीत आणि तिच्या आठवीत सत्तावीस वर्षं गेली आणि तोच अर्धा तास.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ३० डिसेंबरला, माझी ड्युटी होती. सगळी माणसं रानात, फाट्याजवळच्या शेतात कोप मांडलेली. पोरीच्या आईनं ड्रायव्हरला आणि मला गाडीपर्यंत आंबील आणून दिली, वर भज्जी आणि उंडे. तेव्हा मी विषय काढला. ती म्हणाली, "पळती चांगली, मला दिसत नाही का? पण गाडी चुकली तर आणायला कोण जाणार? तिचा बाप कारखान्यावर ऊसतोडीला. आमच्याकडं गाडी नाही." मग विचारलं, "खेळून नोकरी लागती का?"

मी तिला सारिका काळेचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्याची पोरगी, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला भारताची कर्णधार होती, सुवर्णपदक आणलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार, आणि क्रीडा अधिकारी झाली. नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हेही सांगितलं. पण पुढं हेही सांगितलं की मी स्वतः त्या कोट्यातून लागलेली नाही, आणि पाच टक्क्यांत शंभरातल्या शंभर मावत नाहीत. नोकरीचं आमिष दाखवून पोर मैदानावर आणली आणि ती लागली नाही, तर तिच्या धाकट्या बहिणीला कुणी पाठवणार नाही. मी म्हणाले, "नोकरीचं मी सांगत नाही. सकाळी पहिल्या गाडीला मी असते. साडेसहाला चढली की साडेसातला मैदानावर. सर सकाळी पण सराव घेतात. शाळा साडेदहाला. संध्याकाळी नेहमीच्या गाडीनं घरी."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दोन डबे द्यावे लागतील."

६ तारखेपासून पोर येतेय. अंधारात फाट्यावर आईच्या हातातल्या मोबाइलची बॅटरी हलते, तेवढ्यावर ड्रायव्हर गाडी उभी करतात. दोन डबे, एक पाण्याची बाटली. पोर दारामागच्या सीटवर बसते आणि मैदान येईपर्यंत एक शब्द बोलत नाही. माझ्या ड्युट्या बदलतील तेव्हा काय, ह्याचा विचार रोज येतो. आगारात अर्ज दिलाय, हीच फेरी राहू द्या म्हणून.

झोपते आता.


सोमवार, २० जानेवारी
दुपारी, मैदानावर जायच्या आधी

चारच ओळी. आज थंडी होती, जोंधळ्यावर धुकं. फाट्यावर बॅटरी हलली. पोर चढली, पास दाखवला. मी बेलला हात घातला तर मागून आईपण चढली. डोक्यावर शाल, हातात तीन डबे.

"काल शेजारच्यांच्या मोबाइलवर बघितलं मी ते दिल्लीचं," म्हणाली. "आज मी बी येऊलाले. ही कुठं पळती, बघू दे तरी."

मी मशीनवर अर्धं तिकीट काढलं.