तुम्ही विचारलंत म्हणून: बिनबंदुकीचं स्पिटफायर

कपाटातल्या निळ्या विमानाकडे बोट दाखवून घरी येणारे दोनच प्रश्न विचारतात. एवढं महागाचं खेळणं कशाला, आणि लढाऊ विमान असून याला बंदुका कशा नाहीत? पहिल्याचं उत्तर मी देणार नाही. पैसे माझे, कपाट माझं. दुसऱ्याचं एकदा सविस्तर देते, कारण दरवेळी चहा संपेपर्यंतच ऐकून घेतात आणि माझं बोलणं अर्धवट राहतं.

माझ्याकडचं पीआर इलेव्हन आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं खास फोटो काढण्यासाठी केलेलं रूप. मॉडेल 1:72 प्रमाणातलं, जस्ताच्या मिश्रधातूचं, हातात घेतलं की वजन जाणवणारं. पंखांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवून बघा. एरवी जिथे तोफांच्या नळ्या असतात तिथे सलग, गुळगुळीत कड लागते. खऱ्या विमानात त्या कडेत पेट्रोल भरलेलं असायचं. आता उलटं धरा. वैमानिकाच्या मागे, पोटाला, कॅमेऱ्यांच्या दोन गोल खिडक्या दिसतील. बंदुका, गोळ्या, चिलखती काच, सगळं उतरवून हलकं केलेलं हे विमान 30,000 फुटांवरून एकटंच जायचं, खालचे फोटो काढायचं आणि परत यायचं. निळा रंग आकाशात मिसळून जावं म्हणून. 21 मे 1941 ला नॉर्वेत बर्गनजवळ बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका कॅमेऱ्यात टिपली ती मायकेल सकलिंग या ब्रिटिश वैमानिकानं, अशाच बिनबंदुकीच्या स्पिटफायरमधून. दोन महिन्यांनी तो फ्रान्समधल्या ला रोशेलकडे गेला तो परतला नाही. आपल्याकडे कलकत्त्याजवळच्या दमदमहून ब्रिटिश हवाई दलाच्या 681 स्क्वॉड्रनची, म्हणजे तुकडीची, अशी विमानं ब्रह्मदेशावर जात, पण त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आले की युद्धातल्या या विमानानं कोणाला मारलं नाही. ते फक्त बघायला जायचं.

हे आईसमोर म्हटलं आणि तिथे घोडं अडलं.

मी तिला एक फोटो दाखवत होते. 17 मे 1943 ची सकाळ. आदल्या रात्री ब्रिटिश बॉम्बर विमानांनी जर्मनीतलं म्योने धरण फोडलं होतं आणि 542 स्क्वॉड्रनच्या जेरी फ्रेनं स्पिटफायरमधून ते टिपलं. धरणाची लांबलचक भिंत, मधोमध खिंडार, त्यातून पांढरा लोट. एवढ्या उंचीवरून किती स्वच्छ आलंय बघ, असं मी म्हणत होते. आईनं फोटो आधी जवळ घेतला, मग लांब धरला.

"खाली गाव कुठलं?"

"खालचं यात आलेलं नाही गं."

"ते मला दिसतंय. गाव कुठलं?"

आई नारायण पेठेतली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा शाळेत होती. आमच्या घरात पानशेत हा विषय "पुरात गेलं" एवढ्यावर संपतो. त्या दिवशी मात्र ती बोलली. वाड्याच्या चौकात पाणी चढताना आवाज होत नाही, म्हणाली, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून नाहीशा होतात. ओसरल्यावर सगळीकडे चिखल. त्यात आजीचं शिलाई मशीन चाचपडताना हाताला दुसऱ्याच कोणाचं पितळी ताट लागलं, कडेला नाव कोरलेलं. आजोबा ते घेऊन पेठापेठांत हिंडले. घेणारं कोणी सापडलं नाही.

"वरून फोटो काढला असता तर नुसतं पाणी आलं असतं त्यात," आई म्हणाली.

मला राग आला. "अगं, त्या पोरानं धरण नाही फोडलं! तो दुसऱ्या दिवशी गेला. नुसता कॅमेरा होता त्याच्याकडे."

"आणि आधी कोण गेलं होतं? धरण किती भरलंय ते बघायला?"

तिनं अंदाजानं विचारलं होतं. मला उत्तर ठाऊक होतं. हल्ल्याआधी पाण्याची पातळी टिपून आणली होती ती याच जातीच्या विमानांनी. धरण फोडल्यावर आलेल्या त्या पुरात सुमारे 1,600 माणसं गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त परदेशातून धरून आणलेली, वेठीला लावलेली होती.

तरीही आईचं सगळं मला पटलेलं नाही. 1943 च्या अखेरीला पीनेम्युंडे या जर्मन शस्त्रचाचणी केंद्राच्या फोटोत कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या हवाई फोटो तपासणाऱ्या ब्रिटिश अधिकारी बाईंनी एक चिमुकलं बिनवैमानिकाचं विमान हेरलं. ते व्ही-1, म्हणजे जर्मनांचा उडता बॉम्ब, होतं, आणि लंडनवर ते पडायला लागलं 1944 च्या जूनमध्ये. आधी कळलं ते कोणीतरी बिनबंदुकीचं जाऊन बघून आलं म्हणून. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, पण मी विचारलं होतं ते गाव वेगळं.

तेव्हा बंदुका का नाहीत? वजन वाचावं, उंच आणि लांब जाता यावं म्हणून. "कोणाला मारलं नाही" हे पुढे जोडताना आता जीभ अडते, पण "यानंच मारलं" असं म्हणायलाही मी तयार नाही. आई म्हणते, विमान ठेवायचं तर शेजारी म्योनेचा फोटो लाव. दिवाणखान्यात फुटलेलं धरण मला नको. मग विमान कसं चालतं, असं ती विचारते, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं. पुढच्या वेळी याल तेव्हा आई घरी असली, तर बंदुकांचा प्रश्न तिलाच विचारा.