मुखवट्याआड माणूसच हवा

आज दुपारी लेकीला ‘स्कूबी-डू’ या कार्टून मालिकेचा अगदी पहिला भाग दाखवला, १९६९ सालचा. चार मित्रमैत्रिणी आणि स्कूबी हा कुत्रा, असा चमू भुताटकीची रहस्यं उलगडतो, तीच मालिका. संग्रहालयातलं ते काळं चिलखत चालायला लागलं तशी ती उशीच्या आड गेली, पण एक डोळा बाहेरच! शेवटी मुखवटा निघाला आणि आत संग्रहालयाचाच माणूस. खरी चित्रं लांबवून तिथे नकली लावणारा. "म्हणजे भूत नव्हतंच!" म्हणत तिने उशी फेकून दिली. तिचा तो मोकळा झालेला चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मग संध्याकाळी त्याच चमूची २०१० ची नवी मालिका ‘मिस्ट्री इनकॉर्पोरेटेड’ काढून बसले. ५२ भाग, आणि सगळ्यांतून ओवलेलं एकच मोठं रहस्य: त्यांच्याच गावात पूर्वी असाच एक चमू होता, तो नाहीसा कसा झाला? इथे आईबापही खोटं बोलतात, मैत्रीत तडे जातात. पुढे पुढे तर खरोखरीचं अघटितही येतं, ते मला थोडं खटकलं. तरी जुनं कार्टून नव्याने आणावं तर असं, इतका जीव लावून. चमूतल्या वेल्मावर बेतलेल्या २०२३ च्या ‘वेल्मा’ मालिकेत तर स्कूबीच नाही, मला ते पटतच नाही.

रंग बदला, मोबाईल द्या, पात्रांना नवी दुःखं द्या. पण मुखवटा ओढल्यावर आत माणूस आणि त्याचा लोभ दिसू दे.

झोपताना लेक विचारत होती, "उद्या कुणाचा मुखवटा काढायचा?" दुसरा भाग काढून ठेवलाय.