आठ तास झोपूनही झोप पुरत नव्हती

भांडुपहून दादरला जाताना एकदा हँडल धरून उभ्या उभ्या झोपले आणि जाग आली ती थेट भायखळ्याला. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. तोवर घरात एकच निदान होतं: आळस. रात्री दहाला पाठ टेकायचे, तरी सकाळी चार गजर वाजून जायचे. शेवटी सासूबाई खांदा हलवून म्हणायच्या, "अगं, ही कसली झोप?" फार लागायचं ते.

फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड, साखर, बी १२ ठीक, हिमोग्लोबिन मात्र ९.८. सर्दीसाठी रोज रात्री सेटिरिझिनची गोळी घ्यायचे, तिनेही गुंगी राहते म्हणून ती थांबवली. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत पुलाचे जिने चढताना धाप लागणं थांबलं. झोप मात्र होती तशीच.

खरा धागा लेकीने दिला. "आई, तू घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतेस. मग एकदम दचकून ओढतेस." किती दिवस ती बिचारी जागी राहून ऐकत होती!

हे सांगताच डॉक्टरांनी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दिवसा किती डुलकी लागते ते मोजणारा एपवर्थचा तक्ता भरून घेतला: टीव्ही बघताना, जेवणानंतर निवांत बसल्यावर, असे आठ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण. १० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. माझे १७ आले.

मग हॉस्पिटलात एक रात्र स्लीप स्टडी. टेक्निशियन ताईंनी केसांचा भांग पाडत पाडत चिकट पेस्टने डोक्याला वायरी लावल्या, नाकाशी नळी, बोटाला क्लिप. अशात झोप कशी लागणार, असं वाटलं. पाच मिनिटांत लागली. रिपोर्ट आला: तासाला ३८ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता. ३० च्या पुढे गंभीर स्लीप अॅप्निया. घसा आवळला की मेंदू दर वेळी अर्धवट जागा व्हायचा आणि मला पत्ताही नसायचा. आठ तासांच्या झोपेचे असे तुकडे होत होते.

उपाय म्हणून सीपॅप मशीन मिळालं, झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं. पहिला आठवडा रडवणारा होता. हवा डोळ्यांत जायची, नाकावर वळ उठायचे. मास्कचा साइज बदलल्यावर जमलं. महिनाभरात पहिल्या गजराला उठू लागले.

मशीनच्या टाकीत रोज रात्री डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम आता सासूबाईंनी स्वतःहून घेतलंय.