कोळिकोडचा वायपर

विमान कोसळलं की संध्याकाळपर्यंत पायलट दोषी ठरलेला असतो. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला भर पावसात उतरताना विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं. 21 माणसं गेली, त्यात कॅप्टन दीपक साठेही. चौकशी अहवालाने नियम न पाळल्याचा ठपका वैमानिकावर ठेवला. तो मला मान्य आहे. मागून वारा होता, तशात उतरायला धावपट्टी जास्त लागते; विमान पुन्हा वर न्यायला हवं होतं.

पण माझं आयुष्य हँगरमध्ये, विमानं दुरुस्त होतात तिथे गेलं, माझी नजर वायपरवर अडते. कॅप्टनच्या बाजूचा वायपर ऐन वेळी नीट चालला नाही. शिवाय दुसऱ्या सकाळच्या फेरीसाठी तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते, म्हणून साठेंना कोळिकोडलाच उतरायची ओढ होती, हेही त्याच अहवालात आहे. ते वेळापत्रक काही कॉकपिटमध्ये आखलं गेलं नव्हतं. त्यावर सही करणाऱ्यांनाही समोर बसवून जाब विचारायला हवा.